ऑनलाइन पदवी बंद झाली; आता पोषण शिकायचं कुठे?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एक निर्णय जाहीर केला. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स या विषयांची पदवी आता दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येणार नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश बंद. यामागे २०२१ चा एक केंद्रीय कायदा आहे. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, आहारतज्ज्ञ अशा आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांचं शिक्षण आणि नोंदणी यांचे नियम ठरवण्यासाठी त्या कायद्याने एक राष्ट्रीय आयोग आणला.

बातमी एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी आपल्या ग्रुपवर क्रिकेट होतं. पण माझ्या ओळखीतल्या तीन मुलींचं वर्ष त्या बातमीने हलवलं. एक त्र्यंबकेश्वरची, माझी मामेबहीण. दोघी जुन्या नाशकातल्या. तिघी बारावी सायन्स झालेल्या. तिघींच्या घरी ‘रोज बसने जाऊन-येऊन कॉलेज’ याला नकार होता आणि ‘घरी बसून पदवी’ याला होकार. विषय मात्र तिघींनी स्वतः निवडला होता, आणि हे आपल्याकडे दर वेळी घडत नाही. मी आधी पोषणाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला आहे हे त्यांना माहीत असल्यामुळे फोन मला आले. ‘भाई, आता काय करायचं?’

माझं उत्तर त्यांना आवडलं नाही. तरी इथे लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेल्या मुली मालेगावात, भिवंडीत, परभणीतही असणार.

निर्णय योग्य आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या कामातलं निम्मं मी व्हिडिओ बघून शिकलो आहे आणि त्याची मला लाज नाही. माझा कोड चुकला तर टेस्ट सर्व्हर पडतो, चहा पिऊन दुरुस्त करतो. किडनीच्या रुग्णाला कुणी ‘थंड असतं, रोज नारळपाणी घ्या’ असं लिहून दिलं, तर त्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला रोज्यात काय खायचं आणि डोस कधी बदलायचा हे सांगणं म्हणजे डॉक्टरच्या बरोबरीने घेतलेली जबाबदारी आहे. ती वॉर्डात उभं राहून, अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकायची गोष्ट आहे. लॅपटॉपवर ती येत नाही. त्यामुळे ‘आहारतज्ज्ञ’ ही पाटी लावायला कॉलेजात जावंच लागेल, असं कायदा म्हणत असेल तर मी कायद्याच्या बाजूने आहे.

पण दार लावताना दाराबाहेर कोण उभं आहे हेही बघायला हवं होतं. पुण्या-मुंबईतल्या मुलीला पर्याय आहे. त्र्यंबकच्या मुलीला नाशिक शहर गाठावं लागतं, म्हणजे एका बाजूने तीसेक किलोमीटर. प्रॅक्टिकल संध्याकाळी संपलं की परतीची बस, आणि बसपेक्षा मोठा प्रश्न घरातल्या मोठ्यांच्या चेहऱ्याचा. निर्णय घेणाऱ्यांनी ऑनलाइन पदवी काढून घेतली, त्या जागी काहीच ठेवलं नाही. वसतिगृह नाही, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाशी जोडलेलं केंद्र नाही, आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष काम आणि बाकी घरी अभ्यास अशी मधली वाटही नाही. इग्नूने कित्येक वर्षं पोस्टाने पुस्तकं पाठवून पोषण शिकवलं. लांबून शिकवणं या देशाला नवं नाही.

आता त्र्यंबकविषयी. आपल्यापैकी बहुतेकांना हे गाव २०२३ च्या मे महिन्यातल्या संदलच्या बातमीमुळे आठवतं. त्यावर तेव्हा पुष्कळ लिहून झालं. मला गाव आठवतं ते मामांच्या किराणा दुकानामुळे. गावात ज्योतिर्लिंग आहे, वर ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. पण गावातून कुठल्याही दिशेला थोडं बाहेर पडलं की आदिवासी पाडे सुरू होतात. महादेव कोळी, कोकणा, ठाकर, वारली, कातकरी. शेतात भात, नागली, वरई. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे. सुगी संपली की बरीच कुटुंबं द्राक्षबागांच्या आणि बांधकामाच्या कामावर बाहेर पडतात, आणि लेकरं अंगणवाडीच्या वजनकाट्यापासून लांब जातात.

दुकानात मी लहानपणापासून एक व्यवहार बघत आलोय. पाड्यावरची बाई नागलीची पिशवी घेऊन येते. ती विकते, आणि त्या पैशात पांढरा तांदूळ, तेलाची पुडी, साखर आणि लेकराच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेऊन जाते. मामांचा यात काही दोष नाही, दुकान असंच चालतं. पण कोर्स करताना मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते उघडले आणि ती पिशवी मला वेगळी दिसायला लागली. १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच म्हशीच्या दुधात सुमारे १२०. पांढऱ्या तांदळात ७-८. लोहाचंही तसंच: नागलीत साडेचार मिलिग्रॅमच्या वर, तांदळात एकही पूर्ण नाही. ती बाई कॅल्शियम आणि लोह विकून स्टार्च घरी नेत होती. काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

माझा अभ्यासक्रम ‘स्वयं’ पोर्टलवरचा होता, आयआयटी मुंबईचा, माता आणि बाळाच्या पोषणावरचा. ऑफिसात सांगितलं तर मुलं हसली. घरी अब्बांनी विचारलं, ‘हा बायकांचा विषय नाही का?’ मला वाटतं याच प्रश्नात अर्धा आजार आहे. घरात काय विकत आणायचं हे पुरुष ठरवतात, ताटात काय पडायचं हे बायका सांभाळतात, आणि पोषणाचं ज्ञान मात्र फक्त बायकांना द्यायचं. पाकीट ज्याच्या हातात, त्याला काहीच माहीत नसतं.

त्या अभ्यासक्रमातला एक धडा सविस्तर सांगतो, कारण तो घराघरात लागू पडतो. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न सुरू करतात. आपल्याकडे सुरुवात डाळीच्या पाण्याने होते. डाळ शिजवायची, वरचं पिवळं पाणी वाटीत काढायचं, चिमूटभर मीठ, आणि ‘डाळ पाजली’ म्हणून समाधान. आता हिशेब बघा. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाचं पोट २४० मिलिलिटरमध्ये भरतं. त्यात दोनशे मिलिलिटर डाळीचं पाणी गेलं तर पोट भरलं, बाळ झोपलं, आई खूश. आणि डाळ सगळी पातेल्याच्या तळाशी, मोठ्यांसाठी. असं सहा महिने चाललं की अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावते. पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेली तर मध्यम कुपोषित, साडेअकराच्या खाली तीव्र कुपोषित. अशा कित्येक घरांत डाळ होती. ती घट्ट द्यायची असते, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

घट्ट दिली तर बाळ गिळत नाही, ही आयांची तक्रार खरी आहे. तिच्यावर उत्तरही आहे, आणि ते आपल्या शेजारच्या बडोद्यात शोधलं गेलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोड आणलेल्या धान्याच्या पिठावर काम केलं. धान्याला मोड येताना त्यात अमायलेझ हे विकर तयार होतं. ते स्टार्चचे लांब धागे तोडतं. घट्ट शिजलेल्या खिरीत असं थोडंसं पीठ घातलं की ती सैल होते, पाणी न वाढवता. बाळाला गिळायला सोपी, आणि ताकद तेवढीच. मोड आल्याने धान्यातली फायटेट्सही कमी होतात, म्हणजे लोह आणि कॅल्शियम शरीरात जास्त शिरतं. आता आठवा, आपल्या आज्या नागली भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, सुकवून दळायच्या. नाचणीचं सत्त्व म्हणायच्या त्याला. विकराचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण हात बरोबर चालत होते. मग बाजारात रंगीत डबे आले, आणि फडकं अडगळीत गेलं.

अभ्यासाचाच भाग म्हणून मी मामीची चोवीस तासांची आहार-आठवण घेतली. ही जगभर वापरली जाणारी साधी पद्धत आहे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत तोंडात काय काय गेलं ते वाटी-चमच्याच्या मापात विचारायचं. मामी म्हणाली, ‘कल का खाया आज कायकू पूछ रहा?’ मग सांगायला बसली. सकाळी चहा आणि खारी. दुपारी भात, पातळ डाळ, कांदा. पुन्हा चहा. चार वाजता तिसरा. रात्री दोन चपात्या आणि मटणाचा शोरबा. ‘बोटी?’ मी विचारलं. बोट्या मामांना आणि पोरांना. तिच्या ताटात शोरबा आणि एक हाड. चौथा चहा तिने सांगितलाच नाही, तो मामेबहिणीने आठवण करून दिला. विसरलेली गोष्ट शोधण्यासाठीच ही पद्धत दोनदा विचारते.

मी बेरीज केली. लोह दहा मिलिग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ लागतं. पुरुषाला १९. ज्याला कमी लागतं त्याच्या ताटात बोटी, जिला जास्त लागतं तिच्या ताटात शोरबा. शिवाय जेवणाला चिकटून घेतलेला चहा. चहातली टॅनिन्स डाळ-भाजीतलं लोह धरून ठेवतात. त्याच जेवणावर लिंबू पिळलं असतं तर उलट झालं असतं, कारण क जीवनसत्त्वाने तेच लोह जास्त शोषलं जातं.

हे सगळ्या मुस्लिम घरांचं चित्र आहे असं मी म्हणत नाही. एका घरावरून तसं म्हणता येत नाही. पण आपल्यात एक समज फार पक्का आहे: आम्ही गोश्त खाणारे लोक, आमच्यात रक्त कमी नसतं. मटणातलं लोह शरीर सहज घेतं आणि सोबतच्या डाळ-भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं, हे शास्त्र खरं आहे. मात्र ते मटण आठवड्यातून किती वेळा शिजतं आणि कुणाच्या ताटात उतरतं, हे शास्त्राच्या पुस्तकात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं ६८.९ टक्के. याच फेरीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. एवढे मोठे आकडे असताना कुठलाही समाज ‘आमच्यात नाही’ म्हणू शकत नाही. तुमच्या घरात आहे की नाही हे कळायला हिमोग्लोबिनची तपासणी पुरते. अम्मीची, बाजीची शेवटची कधी झाली होती?

आता भाषेचा प्रश्न. तो मला पदवीच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. माझा अभ्यासक्रम इंग्रजीत होता. मला चाललं. मामेबहीण तिसऱ्या व्हिडिओला थांबली. ती हुशार आहे. तिने बारावीपर्यंत जीवशास्त्र समजून घेतलंय, पण एका वाक्यात चार अनोळखी शब्द आले की वाक्य निसटतं. ‘वरचं अन्न’ म्हटलं की मामीलाही कळतं. त्याचा इंग्रजी शब्द ऐकला की ती समजते, हे आपल्यासाठी नाही. इंग्रजीच्या भिंतीपलीकडे ठेवलेलं पोषणशास्त्र म्हणजे ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच दिलेलं जेवण.

याचं एक उदाहरण आपल्या राज्यात घडून गेलं आहे, आणि माझ्या व्यवसायाला त्यातून शिकायला हवं. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आणलं. अंगणवाडीताईने बाळाचं वजन, उंची, हजेरी, आहार सगळं त्यात भरायचं. ॲप इंग्रजीत. त्या आधी दिलेले मोबाइल जुने, कमी क्षमतेचे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते मोबाइल प्रशासनाला परत केले. मराठीत ॲप द्या, चालणारा फोन द्या, ही त्यांची मागणी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्या बायका वर्षानुवर्षं रजिस्टरात मराठीत अचूक नोंदी ठेवत होत्या, त्या एका ॲपने एका रात्रीत ‘अशिक्षित’ ठरवल्या. असा स्क्रीन बनवणारे आपलेच भाईबंद असतात, माझ्यासारखे इंजिनियर, वातानुकूलित खोलीत बसलेले.

उलट उदाहरणही मुंबईचंच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प उभा केला. मूळ हेतू संगणक शिकवण्याचा: छोटे व्हिडिओ, आवाज भारतीय भाषांत. पुढे बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्यासोबत त्याच पद्धतीने आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ तयार झाले. बाळाला छातीशी कसं धरायचं, त्याने स्तन नीट तोंडात घेतला आहे हे कसं ओळखायचं, पहिले हजार दिवस म्हणजे काय, प्रथिनं कशातून मिळतात, कोणत्या वयाला काय शिजवायचं. हे मराठीतही आहेत. मोफत आहेत. माझ्या मामेबहिणीने इंग्रजी कोर्स सोडला आणि हे सलग बघितले. नंतर शेजारच्या भाभीच्या बाळंतपणात ती पाण्याचा ग्लास घेऊन नाही, फोन घेऊन गेली. भाभीच्या सासूने आधी नाक मुरडलं. बाळ नीट प्यायला लागल्यावर तिनेच विचारलं, दुसरा कोणता व्हिडिओ आहे.

पोषणाच्या अभ्यासात बाईला दारात थांबवण्याचा इतिहास जुना आहे, म्हणून एक नाव इथे घेतो. कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या तेव्हा अटींवर घेतलं. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम, आणि मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतली प्रथिनं आणि ताडाची नीरा यांवर संशोधन. कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायकांना नीरेचा फायदा होतो हे त्यांनी दाखवलं. दुर्गा भागवतांची ही बहीण आपल्या शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटते. त्यांच्याकडून मी एवढंच घेतो की दार बंद झालं म्हणून विषय सोडायचा नाही, आणि अटी मान्य करून आत गेल्यावर काम आपल्या लोकांच्या अन्नावर करायचं.

तर तिघींना मी काय सांगितलं? पहिलं, इन्स्टाग्रामवर ‘तीन महिन्यांत सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ म्हणून जे वीस-तीस हजारांना विकतात, त्याला हात लावू नका. त्या कागदावर कायद्याने तुम्ही आहारतज्ज्ञ होत नाही, आणि आता नोंदणीचे नियम येत असताना तर नाहीच. त्या पैशात नाशिकच्या कॉलेजचा बसपास आणि फी यांची सुरुवात होते. दुसरं, पदवी कुठलीही करा, पोषण सोबत शिका. २०२१ च्या नियमांप्रमाणे कॉलेज मान्यता देत असेल तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून करता येतात आणि त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जातात. बीए करणारी मुलगीही हे करू शकते. बहुतेक प्राध्यापक हे स्वतःहून सांगणार नाहीत. अर्ज घेऊन विचारावं लागेल. तिसरं, मामेबहिणीला खास सांगितलं: तुला खरंच आहारतज्ज्ञ व्हायचं असेल तर घरी भांडण तुझ्या एकटीचं नाही, मी येतो. मामांशी बोलणं झालंय. एका बैठकीत होणारं काम नाही ते.

पण एकेका मुलीला सल्ला देऊन भागत नाही. नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभं आहे. जे कॉलेजात जाऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत मराठीतून शिक्षण नेण्यासाठीच ते निघालं. रुग्णाला आहार लिहून देणारा नाही, घर-पाडा-वस्तीच्या पोषणाचा एक मराठी अभ्यासक्रम तिथे हवा: निम्मा ऑनलाइन, निम्मा तालुक्याच्या अंगणवाडीत. आयोगाची हरकत उपचार करणाऱ्या पदव्यांना आहे. वस्तीत वजन घेणं, खीर शिजवणं, आहार-आठवण भरणं याला कोण हरकत घेणार? आदिवासी भागात राज्य सरकारची डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी. ते जेवण त्या पाड्यावर खरंच पोचतं का, अंडं ताटात असतं का, हे बघायला शिकलेली, त्याच भागातली मुलं हवीत. त्यातली काही आपली का नसावीत? त्र्यंबकमधला मुसलमान मुलगा पाड्यावरच्या बाळाचं वजन घेताना दिसला, तर मे २०२३ च्या बातमीपेक्षा ती वेगळी बातमी असेल. कुणी छापणार नाही, ते सोडा.

आणि एक काम आपल्या हातात आहे, त्याला कुठल्या विद्यापीठाची परवानगी नको. दर रमजानला आपल्या संस्था रेशन किट वाटतात. मी स्वतः पिशव्या भरल्या आहेत. तांदूळ, मैदा किंवा आटा, तेल, तीन-चार किलो साखर, चहापत्ती, शरबताची बाटली, शेवया, खजूर. नियत नेक आहे, त्याबद्दल शब्द नाही. पण महिनाभर एक कुटुंब या पिशवीवर काढणार असेल, तर तिच्यात प्रथिनं कुठे आहेत? एक किलो साखरेच्या पैशात साधारण अर्धा किलो हरभरे येतात. अर्ध्या किलो हरभऱ्यात नव्वद ग्रॅमच्या वर प्रथिनं. भिजवून, उकडून, वर लिंबू पिळून ते इफ्तारला खाल्ले तर तळलेल्या भज्यांपेक्षा पोटात जास्त वेळ राहतील. साखर दोन किलोनी कमी करा, शरबत काढा. त्या जागी हरभरे, मसूर, शेंगदाणे, आणि जिथे शक्य तिथे अंड्यांचं कूपन घाला. आपलं खिचडा हेच करतं: गहू, तीन-चार डाळी आणि गोश्त एका देगेत. गव्हा-तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. मोहरमला वर्षातून एकदा आपण हे शास्त्र शिजवतो आणि रमजानच्या पिशवीत विसरतो.

गेल्या वर्षी मी हा हिशेब एका संस्थेच्या बैठकीत मांडला. एक बुजुर्ग म्हणाले, ‘लोकांना साखर कमी दिली तर नाराज होतील.’ होतील, काही. मग किटसोबत एक पान द्या, मराठी आणि उर्दूत, आणि ते पान कुणीतरी शिकलेल्या मुलीने लिहिलेलं असू द्या. तेवढ्यावर बैठक थांबली आहे. यंदाची यादी अजून ठरलेली नाही. ज्या ज्या संस्थेत तुम्ही काम करता तिथेही ती ठरायची असेल.

शिकायला सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी: ‘स्वयं’वरची आयआयटीच्या अभ्यासक्रमांची सत्रं जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. नाव नोंदवणं, व्हिडिओ आणि गृहपाठ मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्याची फी मी भरली तेव्हा १००० रुपये होती. गुणांतले २५ टक्के गृहपाठाचे, ७५ परीक्षेचे. मराठी व्हिडिओंना ना फी, ना परीक्षा. ते आधी बघा, आणि शक्य असेल तर घरातल्या ज्या माणसाच्या हातात पाकीट आहे त्याला शेजारी बसवून.